शांत मुलगा आणि भांडखोर मुलगी, काळजी नक्की कोणाची करायची?

जुळेसोलापूरची_आई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. विषय आमच्या घरचा आहे पण मला वाटतं अर्ध्या सोलापूरचा असेल.
मुलगा अकरावीला, सायन्स, १६ पूर्ण. मुलगी आठवीत. मुलगी भांडते म्हणजे काय भांडते, क्लासवरून, मोबाईलवरून, कपड्यांवरून, आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो, आणि अर्ध्या तासाने स्वतःच येऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागते. मुलगा मात्र भांडतच नाही. त्याच्या बाबांचा आवाज चढला की हा एक शब्द बोलत नाही, कानात हेडफोन, पाच मिनिटांनी खाली अ‍ॅक्टिव्हा सुरू झालेली ऐकू येते आणि मग रात्री साडेदहा अकराला परत. कुठे होतास तर "कंबर तलावापाशी". बास.
सासरकडचे सगळे मला सांगतात पोरगी हाताबाहेर चाललीय तिला आवरा, पोरगा किती गुणी बघा उलट बोलत नाही. मला उलटं वाटतं. परवा धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात माव्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी सापडली, आणि मित्रांच्यात काहीतरी "मॅटर" चालू आहे एवढं कळलंय, कोणाच्या तरी स्टोरीवर कोणीतरी काहीतरी लिहिलं म्हणून. ह्या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत का एकच आहे? अनुभव असेल तर सांगा. उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतो.

निवृत्त_मिलवाला
ताई, उपदेश नको म्हणालात तरी देतो, वयाचा मान ठेवा. आमच्या वडलांनी एकदा डोळे वटारले की आम्ही महिनाभर सरळ असायचो. आजकाल मुलांशी चर्चा करायची म्हणे. गाडीची किल्ली कपाटात ठेवा, दोन कानाखाली द्या, मावा सुटतो का नाही बघा.

बाळीवेस_१९
आजोबा राग मानू नका पण तुम्ही सरळ होता हे तुमच्या वडलांना कोणी सांगितलं? तुम्हीच ना 😀

निवृत्त_मिलवाला
बोलायची पद्धत बघा. हेच म्हणतोय मी.

एमएच१३_वकील
मानसशास्त्र जाणकार सांगतील, मी फक्त गाडीचं सांगतो कारण पालकांना हे खरंच माहीत नसतं. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगियरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. अ‍ॅक्टिव्हा ११० च्या आसपास आहे, म्हणजे तुमचा मुलगा आज बेकायदाच चालवतोय. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, त्यात १९९अ कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. अपघातात समोरचा दगावला तर इन्शुरन्स कंपनी त्याच्या घरच्यांना पैसे देईलही पण नंतर ते तुमच्याकडून वसूल करायला येईल. रागात घरातून निघालेलं पोरगं रात्री विजापूर रोडला उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून गाडी काढतंय, ह्याचा विचार माव्याच्या आधी करा. बाकी चालू द्या.

समुपदेशक_ताई
धागा काढलात हे बरं केलंत. मी किशोरवयीन मुलांबरोबर काम करते, थोडं लांब लिहीन, सहन करा.
आधी तुमच्या मुलीबद्दल. आईवडिलांशी होणारी भांडणं संख्येने सगळ्यात जास्त असतात ती ह्याच वयात, ११ ते १३ च्या आसपास, आणि पुढे ती कमी होत जातात. १९९८ साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता त्यात हेच दिसलं, आणि अजून एक दिसलं की संख्या कमी होते पण सोळाच्या आसपास जे भांडण होतं त्यातला कडवटपणा वाढलेला असतो. म्हणजे तुमच्या मुलीचं रोजचं आणि मुलाचं महिन्यातून दोनदाचं, ह्यात दुसरं जड असू शकतं. मुलगी भांडते आणि परत येते. माझ्या दृष्टीने त्यातला भांडते हा भाग किरकोळ आहे.
मुलं भांडणात साधारण चार गोष्टी करतात. अंगावर येतात, गप्प होऊन निघून जातात, मान खाली घालून हो हो म्हणतात आणि मनातून काहीच मान्य नसतं, किंवा बसून काहीतरी मधला मार्ग काढतात. आपल्याकडे तिसऱ्या प्रकाराला संस्कार म्हणतात आणि दुसऱ्याला शांत स्वभाव. घरात सगळ्यात जास्त ओरडा पहिल्याला बसतो.
आता दुसऱ्या प्रकाराबद्दल. एकजण मागे लागतो, विचारतो, टोचतो, दुसरा तेवढाच आत जातो. जितका बाप मागे लागेल तितका मुलगा गप्प, जितका मुलगा गप्प तितका बाप चिडतो. ह्या साखळीचा आणि मुलांच्या व्यसनांचा संबंध अभ्यासांत सापडलेला आहे. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. मावा खाणारा मुलगा वास येऊ नये म्हणूनही आईबापापासून लांब राहतो, तेव्हा ते दोन्ही बाजूंनी चालतं. तुम्ही विचारलंत एकच आहे का वेगवेगळं, तर अमेरिकेतल्या रिचर्ड जेसर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की ह्या वयात तंबाखू, दारू, वेडीवाकडी गाडी, शाळा बुडवणं ह्या गोष्टी एकेकट्या कमी येतात, घोळक्याने येतात. एक दिसली की बाकीच्या आहेतच असं नाही, पण बघायला हवं.
शेवटचं. स्वीडनमध्ये १४ वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, स्टॅटिन आणि कर नावाचे दोघे, सन २०००. तोपर्यंत सगळे म्हणायचे पालकांनी लक्ष ठेवलं की मुलं बिघडत नाहीत. ह्यांनी नीट बघितलं तर जे पालक मुलांबद्दल जास्त जाणून होते त्यांना ते पाळत ठेवून कळलेलं नव्हतं, मुलं स्वतःहून सांगत होती म्हणून कळलेलं होतं. तेव्हा मी पालकांना पहिलं विचारते की तुमचा मुलगा तुम्हाला शेवटचं स्वतःहून कधी काय सांगायला आला होता, मग ते क्रिकेटचं का असेना.

तर्कट
स्वीडनमधली मुलं आणि साखर पेठेतली मुलं एकच का? तिकडे १४ व्या वर्षी स्वतंत्र खोली असते. आपल्याकडे शेजारच्या काकूंना आईच्या आधी सगळं कळतं.

समुपदेशक_ताई
रास्त शंका आहे, आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असं मी म्हणणारच नाही. पण शेजारच्या काकूंना कळतं ते संध्याकाळी कुठे दिसला एवढंच. का गेला होता हे काकूंना कुठे माहीत असतं?

बाळीवेस_१९
मॅटर कसा होतो ते मी सांगतो, मोठ्या माणसांना वाटतं पोरं गुंड हायत. तसं नसतंय.
समजा एकाने बड्डेची स्टोरी टाकली. दुसऱ्याने खाली हसायचा इमोजी टाकला. पहिल्याला वाटलं आपल्याला हसला. त्याने स्टेटस ठेवलं नाव न घेता. आता ते स्टेटस शंभर जणांनी बघितलंय आणि सगळ्यांना माहिताय कोणाला हाय ते. मग फोन, "कुठं हायस बे, ये की पार्क चौकात". आता तो एकटा येतोय का? चार घेऊन येतोय. हा पण चार घेऊन जातोय. त्या आठातल्या सहा जणांना काय भांडण हाय तेच माहीत नसतंय, ती आलेली असतात बघायला आणि मोबाईल काढून. तिथं कोण म्हणणार जाऊदे बे सॉरी? दोघंच असतो ना तर खरं सांगतो चहा पिऊन घरला गेलो असतो. मी स्वतः बघितलंय, दोघं एकटे टपरीवर भेटले आन विषय पाच मिनिटात संपला.
आन मावा पण असाच हाय काकू. मॅटर झाला की सगळे जमतात, बोलायला तर काही नसतंय, कोणीतरी पुडी काढतो. नाही म्हणालं की "लहान हाय बे अजून".

समुपदेशक_ताई
बाळीवेस, तू जे लिहिलंस ना त्यावर लोकांनी प्रयोग केलेत. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे असे तीन गट घेतले आणि कॉम्प्युटरवर गाडीचा खेळ दिला, पिवळा सिग्नल लागला की थांबायचं का अजून थोडं पुढे जायचं, जास्त गेलात तर आपटणार. काहींना एकटं बसवलं आणि काहींना बरोबरीची मुलं बघत असताना. मित्र बघत असले की धोका घेणं वाढलं, आणि ते वाढणं लहान दोन गटांत मोठ्या माणसांपेक्षा बरंच जास्त होतं. पुढे २०११ मध्ये मेंदूचे स्कॅन करून बघितलं तर मित्र बघतायत म्हटल्यावर किशोरांच्या मेंदूतला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद देणारा भाग जास्त पेटत होता, मोठ्यांचा तसा नाही. लगाम घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो हे तर आता व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं.
आणि तो हसायचा इमोजी. केनेथ डॉज हे मानसशास्त्रज्ञ १९८० पासून हेच मांडतायत की काही मुलं समोरच्याच्या साध्या, दोन्ही अर्थ निघतील अशा वागण्याचा अर्थ पटकन "मुद्दाम केलं" असाच लावतात, आणि अशीच मुलं मारामारीत जास्त सापडतात. नुसतं बघितलं तरी खुन्नस दिली. घरात ज्यांना सारखा संशय आणि मार मिळालाय त्यांच्यात हे जास्त दिसतं. मिलवाले काका, तुमच्या दोन कानाखालीचा हिशोब इथे येतो.

निवृत्त_मिलवाला
आम्ही खाल्ल्या की. आम्ही कुठे मारामाऱ्या केल्या.
(केल्या एकदोन. गड्ड्याच्या जत्रेत. ते सोडा.)

बाळीवेस_१९
😂😂 आजोबा एक नंबर

अशोकचौक_बाई
मी शाळेत शिकवते, आमच्याकडे तेलुगू घरातल्या मुलीच जास्त. सगळी चर्चा मुलांच्या मारामारीवर चाललीय म्हणून लिहिते.
मुलींचं भांडण आवाज करत नाही. ग्रुपमधून काढून टाकायचं, डबा खाताना बाकावरून उठून जायचं, सगळ्यांनी मिळून एकीशी बोलणं बंद करायचं. शिक्षकांना वाटतं वर्गात शांतता आहे. मग एक दिवस ती मुलगी शाळेत यायची बंद होते, आणि ह्याच काळात इन्स्टावरचा कोणीतरी २२ वर्षांचा "समजून घेणारा" तिला सापडलेला असतो. घरच्यांना कळतं तेव्हा एकदम मोबाईल काढून घेणं, शाळा बंद, लग्नाची बोलणी. म्हणजे जिच्याकडे भांडण सोडवायला एकच माणूस उरला होता तोही चुकीचा, आणि आता तोही गुपचूप. ह्यातून मुली निघून जातात, पोक्सोच्या (अल्पवयीनांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) केसेस होतात, सगळं नंतर.
आणि काही मुली स्वतःवरच राग काढतात. एप्रिल मे मध्ये ४२ डिग्रीत पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून येणाऱ्या मुलीला मी आता बाजूला घेऊन विचारते. ओरडत नाही, सगळ्यांसमोर तर अजिबातच नाही. "मरायचं मनात येतं का" असं सरळ विचारलं तर मुलीच्या डोक्यात नवीन काही घुसत नाही, हे मला प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं पण उलट त्यांना सुटल्यासारखं होतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात बोलण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. लहान मुलांसाठी १०९८. वर्गाच्या भिंतीवर लावलेत दोन्ही, आणि बाथरूमच्या दारामागे पण, कारण भिंतीवरचा नंबर लिहून घेताना कोणी बघेल म्हणून त्या घेत नाहीत.

एमएच१३_वकील
बाथरूमच्या दाराची आयडिया भारी आहे बाई.
मारामारीबद्दल पण एक राहिलं. १८ च्या खालचा मुलगा असेल तर तो पोलीस कोठडीत जात नाही, बेड्या नाहीत, प्रकरण बाल न्याय मंडळासमोर. २०१५ च्या कायद्याप्रमाणे ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षं शिक्षा आहे तो निर्घृण गुन्हा, आणि मुलगा १६ ते १८ मधला असेल तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का हे मंडळ तपासतं. चाकू दाखवायला नेला आणि लागला, ह्यात हा टप्पा कधी ओलांडला ते पोरांना कळतही नाही. बड्डेचा केक तलवारीने कापून व्हिडिओ टाकला तर आर्म्स अ‍ॅक्ट लागतो, आणि पुरावा स्वतःच अपलोड केलेला असतो. पण पालकांनी "आता आयुष्य संपलं, नोकरी मिळणार नाही" म्हणून पोराला अजून खचवू नका. बाकी प्रकरणांत त्या निकालामुळे पुढे कायद्याने अपात्र धरत नाहीत, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे.

घरकुल_सिस्टर
सगळं वाचलं. चांगलं आहे पण बंगल्यातलं आहे, माफ करा.
मी आरोग्य खात्यात काम करते, कुंभारीकडच्या विडी कामगारांच्या वसाहतींत फिरते. इथे पोरगं दार आपटून जात नाही कारण आपटायला दुसरं दारच नसतं. एक खोली, आई सुपात पानं आणि तंबाखू घेऊन हजार विड्यांचा हिशोब पूर्ण करत बसलेली, बाप लूमवरून (यंत्रमागावरून) रात्रपाळी करून आलेला झोपलेला, तो उठला नाही पाहिजे. म्हणजे ह्या घरात भांडायलाच परवानगी नाही. आवाज चढला की आई म्हणते बाहेर जा. बाहेर म्हणजे रस्ता, रस्त्यावर टपरी, टपरीवर मोठी पोरं. ताई म्हणतात तो दुसरा प्रकार इथे पोरगा निवडत नाही हो, त्याला तोच एक मिळतो.
तंबाखूचं तर बोलूच नका. घरभर तोच वास, लहानपणापासून. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, १८ खालच्याला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून १०० यार्डांत तर कोणालाच नाही, हे सगळं कागदावर. सुट्टीत लूमवर कांड्या भरून दोन पैसे मिळवणाऱ्या पोराला टपरीवाला वय विचारत नाही.
म्हणून मी आईला "संवाद साधा" असं सांगत नाही, ती हसेल माझ्यावर. मी म्हणते विड्या कारखान्यात द्यायला जाताना पोराला बरोबर घेऊन चला, ओझं पण उचलेल. जाता येता बोलतात. तोंडाकडे बघून बोलायला लागत नाही ना चालताना. काही पोरं असं चालताना मावा खातो ते पण आईला सांगून टाकतात, मी बघितलंय.
आणि सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१४ पासून. फुकट. आत काय बोललं ते समुपदेशक गावभर सांगत नाहीत. पण पोरं येत नाहीत कारण बाहेर ओळखीचं कोणीतरी केसपेपर काढायला उभं असतंच.

समुपदेशक_ताई
सिस्टर, चालताना बोलण्याचं तुमचं मी उद्यापासून वापरणार. आणि "भांडायलाच परवानगी नाही" हे बंगल्यातही असतं, फक्त तिथे कारण झोपलेला बाप नसून प्रतिष्ठा असते.

जुळेसोलापूरची_आई
सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहिता येत नाहीये. ह्यांना धागा वाचायला दिला, वकीलसाहेबांचं वाचून किल्ली लगेच ताब्यात घेतली, बाकीचं "बघू" म्हणून खाली सरकवलं.
प्रश्न असा आहे की आता किल्ली घेतली म्हणून मोठं भांडण होणार. ते कसं करायचं? म्हणजे भांडण टाळायचं नाहीये मला.

समुपदेशक_ताई
चांगला प्रश्न आहे. जेवताना नको, पाहुणे किंवा बहीण समोर असताना नको, आत्ताच वाचलंत बघणारे असले की काय होतं ते. विषय एकच ठेवा, गाडी. मावा, मार्क, मित्र हे त्याच वेळी बाहेर काढलंत तर तो गेलाच. गाडी मिळणार नाही हे ठाम, पण त्याची जाण्यायेण्याची अडचण खरी आहे, तेव्हा मग क्लासला कसं जायचं हे त्याला सुचवू द्या आणि त्यातलं काहीतरी मान्य करा, नाहीतर ती चर्चा नुसती नावाची होते. उठून जायला लागला तर अडवू नका, "जा, पण नऊला परत ये, मग पुढचं बोलू" म्हणा, आणि नऊला खरंच पुढचं बोला. बरीच घरं इथे चुकतात, तो परत आल्यावर सगळे काही झालंच नाही असं वागतात आणि विषय तसाच कुजतो. माव्याचं वेगळ्या दिवशी, पुडी नाचवत नाही तर तोंड उघडायला त्रास होतो का, तिखट लागतं का असं विचारून, होत असेल तर दंतवैद्य. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, व्यसनासाठीही तिथेच दाखवता येतं.

निवृत्त_मिलवाला
आणि वडलांनी काय करायचं? सगळं आईलाच सांगताय.

समुपदेशक_ताई
काका, ह्या धाग्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य तुमचं आहे. वडलांनी तिथे बसायचं आणि पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही.

बाळीवेस_१९
अशक्य हाय 😂

जुळेसोलापूरची_आई
झालं बाई बोलणं. तो उठून गेला, नऊच्या ऐवजी साडेनऊला आला पण चालत गेला होता आणि आल्यावर बसला. सायकल घेतो म्हणाला. पण गियरचीच पाहिजे, वीस हजाराची. मी अर्धे तुझ्या दिवाळीच्या पैशातले म्हणाले, तो तयार झाला. आता त्याचे बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत, मघाशी गाडी काढून कुठेतरी गेलेत. सेकंडहँड चांगली सायकल कुठे मिळते सोलापुरात, कोणाला माहिती आहे का?

एमएच१३_वकील
नव्या पेठेत विचारून बघा, आणि बिल घ्या.